सरहद्दीपलीकडचं पाखरांचं ठाणं

बाल्टिक समुद्र आणि कुरोनियन खाजण यांच्यामध्ये वाळूची एक चिंचोळी पट्टी आहे. लांबी ९८ किलोमीटर. रुंदी मात्र काही ठिकाणी अर्धा किलोमीटरही नाही. पट्टीचा उत्तरेकडचा भाग लिथुआनियाचा, दक्षिणेकडचा रशियाच्या कालिनिनग्राद प्रांताचा. निदा हे लिथुआनियाच्या बाजूचं शेवटचं गाव. तिथल्या वाळूच्या टेकडीवरून दक्षिणेला पाहिलं तर तीच वाळू आणि तीच पाइनची झाडं पुढे जाताना दिसतात, पण तिकडे जायला वेगळा व्हिसा लागतो.

सरहद्दीपलीकडच्या त्या गावाचं नाव रिबाची. एकेकाळी ते जर्मनीतलं रोसिटन होतं. १९०१ मध्ये योहानेस थिनेमान यांनी तिथे पक्षी अभ्यासाचं ठाणं उभारलं. जगातलं असं पहिलं ठाणं तेच. जागा अचूक निवडली होती. स्थलांतराच्या वाटेवर दिवसा उडणारी छोटी पाखरं मोकळ्या पाण्यावरून जायला कचरतात; एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाजण, म्हणून सगळी गर्दी या पट्टीवर एकवटते.

रिबाचीजवळ उंच खांबांवर ताणलेली, नरसाळ्यासारखी निमुळती होत जाणारी प्रचंड जाळी आहेत. त्यांचं तोंड दहा मीटरहून उंच असतं. पाखरू आत शिरतं, पुढे पुढे जातं आणि शेवटी एका छोट्या पेटीत पोचतं. मग अभ्यासक त्याची मान तर्जनी आणि मधल्या बोटात अलगद धरतो, पायात ॲल्युमिनियमचा वाळा घालतो, पंखाची लांबी मोजतो आणि पोटावरच्या पिसांवर हळूच फुंकर मारतो. पिसं बाजूला झाली की पातळ कातडीखाली पिवळसर चरबी दिसते. पुढच्या उड्डाणाची ही शिदोरी किती साठली आहे, ते पाहून नोंदवायचं आणि पाखराला सोडून द्यायचं. वाळ्यावर क्रमांक असतो आणि कळवायचा पत्ता. रशियन वाळ्यांवर ‘मॉस्क्वा’ असतं. आपल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या वाळ्यांवर मुंबईचा उल्लेख असतो. वाळा सापडलेल्या माणसाने कळवलं तरच ही विद्या पुढे सरकते. थिनेमान यांनी करकोच्यांना घातलेले वाळे असेच आफ्रिकेच्या दक्षिण भागातून कळले.

पण वाट कुठली हे कळलं तरी ती पाखराला कशी कळते? १९३० च्या दशकात पक्षीशास्त्रज्ञ एर्न्स्ट श्यूत्स यांनी इथल्या भागातली करकोच्यांची पिल्लं पश्चिम जर्मनीत नेऊन वाढवली आणि तिथले करकोचे निघून गेल्यावर सोडली. तिकडचे करकोचे जिब्राल्टरच्या बाजूने नैर्ऋत्येला जातात. ही पिल्लं मात्र आपल्या पूर्वजांसारखी आग्नेयेकडे वळली. म्हणजे दिशा रक्तातून आली होती. आपण कुठे आहोत, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

महायुद्धानंतर गाव सोव्हिएत रशियात गेलं, जर्मन ठाण्याचं काम राडोल्फझेलला हललं. १९५६ मध्ये लेव्ह बेलोपोल्स्की यांनी त्याच गावात पुन्हा ठाणं सुरू केलं आणि प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग तिथेच उलगडू लागला. निकिता चेर्नेत्सोव्ह, दिमित्री किश्किनेव्ह आणि हेन्रिक मौरित्सेन यांनी वसंतात ईशान्येला निघालेले बोरूतले वटवटे रिबाचीला पकडले. वजन जेमतेम बारा ग्रॅम. त्यांना हजार किलोमीटर पूर्वेला, मॉस्कोजवळ नेलं. तिथे त्यांनी वायव्येकडे जायचा कल दाखवला. आपण भलतीकडे आलो आहोत, हे त्यांना उमगलं होतं. हा शोध २००८ मध्ये प्रसिद्ध झाला.

मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग. यात पाखरं रिबाचीतून हललीच नाहीत. त्यांना पिंजऱ्यात ठेवून तारांच्या वेटोळ्यांनी त्यांच्याभोवतीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा फक्त साडेआठ अंशांनी वळवली. भौगोलिक उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांच्यातला कोन बदलला आणि तो स्कॉटलंडमधल्या कोनाशी जुळला. आकाशातले तारे आणि सूर्य जिथल्या तिथे होते. शरदात पश्चिम-नैर्ऋत्येला निघालेले अनुभवी वटवटे वळून पूर्व-आग्नेयेला जाऊ पाहू लागले, जणू खरोखरच स्कॉटलंडला पोचले आहेत. साडेआठ अंशांच्या बदलाला त्यांनी दीडशे अंशांच्या आसपास वळून उत्तर दिलं. साधं होकायंत्र इतकं वळलं नसतं. डोक्यात नकाशा असल्याशिवाय हे घडत नाही.

त्या वर्षी जन्मलेली, पहिल्यांदाच प्रवासाला निघालेली पिल्लंही याच पिंजऱ्यात ठेवून पाहिली. त्यांना कुठलीच दिशा ठरवता येईना. ती गोंधळून गेली.