प्लग-इन घेताय? आधी पार्किंगमध्ये सॉकेट आहे का बघा

"हायब्रिड म्हणजे हायब्रिड, सगळ्या सारख्याच." फोंड्याच्या बाजारात ऐकलं, मडगावच्या लग्नात ऐकलं, आणि परवा घरातच ऐकलं. या एका गैरसमजावर माणसं लाखो रुपये चुकीच्या गाडीत घालायला निघतात, म्हणून लिहायला बसलो.

स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाला छोट्या बॅटरीची आणि मोटरची जोड, तुम्हाला माहीत आहे. इनोव्हा हायक्रॉस, ग्रँड विटारा. पेट्रोल भरा आणि चालवा. ब्रेक मारला की बॅटरी थोडी भरते, पणजीच्या ट्रॅफिकमध्ये खर्ची पडते. बस.

प्लग-इन हायब्रिडमध्येही पेट्रोल इंजिन असतंच, पण तिची बॅटरी बाहेरून वायर लावून चार्ज करायची. खरा घोळ बॅटरीच्या आकाराचा आहे. ग्रँड विटाराच्या बॅटरीत जेमतेम पाऊण युनिट वीज मावते. 2020 साली जपानात आलेल्या टोयोटाच्या रॅव्ह-4 प्लग-इनमध्ये 18 युनिट. एवढी बॅटरी ब्रेक मारून भरत नाही. ती भिंतीतल्या सॉकेटवरच भरायची. घरच्या 15 अँपियरवर सहा-सात तास धरा. रात्री लावलीत तर फोंडा-पणजी जाऊन-येऊन पेट्रोल जवळजवळ लागणार नाही. नाही लावलीत, तर तीच जड बॅटरी वाहून नेत तुम्ही पेट्रोल जाळत फिरणार.

म्हणून प्लग-इनचं छापील अ‍ॅव्हरेज मला अजिबात पटत नाही. गाडी नेमाने चार्ज होणार असं धरून तो आकडा काढलेला असतो. युरोपियन कमिशनने 2024 मध्ये रस्त्यावरच्या गाड्यांची खरी नोंद तपासली, तेव्हा प्लग-इनच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड चाचणीतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघाला. एक मोठं कारण हेच, की लोक धरलं होतं तेवढं चार्जच करत नाहीत.

माझे मेहुणे मडगावला तिसऱ्या मजल्यावर राहतात, गाडी खाली स्टिल्टमध्ये. इलेक्ट्रिक स्कूटरसाठी त्यांनी बाल्कनीतून एक्स्टेंशन सोडलं होतं. जुलैच्या पावसात त्याची पिन काळी पडून वितळली, सॉकेटला चिकटून बसली. तेच मेहुणे आता प्लग-इन बघताहेत. त्यांना म्हटलं, "आधी तुमच्या मीटरवरून पार्किंगपर्यंत वेगळी लाइन घ्या. गाडीचं मग बोलू."

आता सीटचं. सात सीटची गाडी प्लग-इन झाली की सातच राहील असं धरून चालू नका. मित्सुबिशीची 2013 ची आउटलँडर बघा: पेट्रोलवाली सात सीटची, प्लग-इन पाच. मागची मोटर आणि तिचा पसारा नेमका तिसऱ्या रांगेच्या जागी आला. व्होल्वोने एक्ससी-90 मध्ये बॅटरी मधल्या बोगद्यात बसवली, म्हणून तिथे तिन्ही रांगा टिकल्या. शोरूममध्ये जाताना घरातल्या सगळ्यात उंच माणसाला न्या, तिसऱ्या रांगेत बसवा. गुडघे छातीला लागत असतील तर ती सीट फक्त पोरांची. मग सगळ्या सीट उभ्या ठेवून डिकी उघडायला लावा. चतुर्थीला गावी जाताना माणसं आणि माटोळीचं सामान एकाच फेरीत जायला हवं.

किमतीत इंजिन आणि मोठी बॅटरी, दोन्हींचे पैसे मोजावे लागतात. वर कर. 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या हायब्रिडवर, प्लग असो वा नसो, 40 टक्के जीएसटी आहे; पूर्ण इलेक्ट्रिकवर 5 टक्के. शोरूमवाले "इलेक्ट्रिकसारखीच" म्हणतात, पण कराच्या बाबतीत ती इलेक्ट्रिक नाही.

डिचोली-पेडण्याकडे स्वतःचं घर, अंगणात सॉकेट, रोज पन्नासेक किलोमीटर, घरात एकच गाडी आणि अधूनमधून चोर्ल्याचा घाट चढून बेळगाव: अशा माणसाला पाच सीटची प्लग-इन मी खुशाल घ्या म्हणेन. घरात दुसरी पेट्रोल गाडी असेल तर सरळ इलेक्ट्रिक घ्या. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या सात जणांच्या कुटुंबाला मात्र स्ट्राँग हायब्रिडच.

मेहुण्यांच्या सोसायटीची मीटिंग रविवारी आहे. लाइन मंजूर झाली तर प्लग-इनची टेस्ट ड्राइव्ह, नाहीतर हायक्रॉस, एवढं आमचं ठरलंय.