पाकीट एक, म्हणून कागद सारखे?

‘एकाच पाकिटातले कागदी कॉफी फिल्टर सारखेच, कॉफी हळू उतरली तर दळणच चुकलं,’ असं वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतं. दळणाचा वाटा मोठा, हे खरंच. पण कागद आपल्या सोलापुरी चादरीसारखा धागे मोजून विणलेला नसतो. कागद बनवताना लगद्यातले तंतू जाळीवर जसे बसतील तसे बसतात, कुठे दाट, कुठे विरळ. उजेडासमोर धरा, ढगांसारखे डाग दिसतील.

घरी तपासायला कॉफी लागतच नाही. पाच फिल्टर घ्या, प्रत्येक ओला करून फिल्टर ठेवायच्या शंकूसारख्या भांड्यात नीट चिकटवा, दर वेळी तेवढंच गरम 150 मिली पाणी ओता आणि मोबाइलवर वेळ मोजा. एक कागद दोनदा मोजा, म्हणजे हाताचा फरक कळेल. त्याहून जास्त येईल तो फरक कागदाचा. तेव्हा दळण बदलण्याआधी कागद बदलून बघा.