श्निट्झलर लक्षणसमूह

अंगावर वारंवार उठणाऱ्या गांधी, अधूनमधून येणारा ताप, हाडांचे दुखणे आणि रक्तरसातील एककृंतकी प्रतिपिंड (एकाच पेशीच्या वंशजांनी बनवलेले एकसारखे प्रतिकारक प्रथिन; बहुधा आयजीएम, क्वचित आयजीजी प्रकारचे) यांनी ओळखला जाणारा दुर्मीळ दाहक विकार. फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ लिलियान श्निट्झलर यांनी तो १९७०च्या दशकाच्या आरंभी नोंदवला. पहिल्या नोंदीसाठी सामान्यतः १९७२ हे वर्ष देतात, तर काही लेखक १९७४ पासून मोजतात. विकार बहुधा मध्यम वयानंतर दिसतो.

सहा आठवड्यांहून अधिक टिकणाऱ्या शीतपित्तामागे (अंगावर गांधी उठण्यामागे) हा लक्षणसमूह क्वचितच असतो. संशय येतो तो गांधींच्या वागण्यावरून. त्यांना खाज कमी असते, ओठ-पापण्या सहसा सुजत नाहीत आणि अँटिहिस्टामिन या ॲलर्जीरोधक औषधाची मात्रा वाढवूनही फरक पडत नाही. एकच गांध चोवीस तासांहून अधिक राहून आग करत असेल व जाताना काळसर डाग ठेवत असेल, तर आधी रक्तवाहिनीदाहजन्य शीतपित्ताचा विचार करावा. त्वचेच्या तुकड्याच्या तपासणीत भेद स्पष्ट होतो : श्निट्झलरमध्ये न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींची गर्दी असते, वाहिनीभित्तीचा नाश नसतो. थंडीने उठणाऱ्या गांधी, बालपणापासूनचा त्रास किंवा बहिरेपणा असल्यास आनुवंशिक दाहविकाराच्या शक्यतेसाठी एनएलआरपी३ जनुक तपासतात. याच्याशी साम्य असलेल्या प्रौढांतील स्टिल रोगात तापासोबत पुरळ उमटते व फेरिटिन (लोह साठवणारे प्रथिन) फार वाढते.

२०१३च्या स्ट्रासबर्ग निदान-निकषांनुसार गांधी व एककृंतकी प्रतिपिंड या दोन्ही अटी अनिवार्य आहेत. जोडीला ताप, हाडांतील बदल, त्वचेतील न्यूट्रोफिल आणि वाढलेल्या पांढऱ्या पेशी किंवा सीआरपी (दाहात वाढणारे रक्तातील प्रथिन), यांपैकी आयजीएम असल्यास दोन व आयजीजी असल्यास तीन लक्षणे लागतात. प्रतिपिंड अल्प असल्यास विजेच्या प्रवाहाने रक्तरसातील प्रथिने वेगळी करणाऱ्या नेहमीच्या विद्युत्‌संचारणात निसटतो. म्हणून अधिक संवेदनशील प्रतिरक्षा-स्थिरीकरण (इम्युनोफिक्सेशन) चाचणी मुद्दाम मागवावी लागते. निदान रेंगाळण्याचे हे एक कारण आहे.

हा प्रतिपिंडच रोगाचे मूळ, असे एक मत आहे. तथापि इंटरल्युकिन-१ हे दाह पेटवणारे प्रथिन रोखणाऱ्या अनाकिन्रा या औषधाने ताप व गांधी बहुधा एका दिवसात शमतात आणि प्रतिपिंड मात्र तसाच राहतो, हे पाहता शरीराच्या तत्काळ प्रतिसाद देणाऱ्या (जन्मजात) प्रतिकारयंत्रणेतील बिघाडाला प्राधान्य देणारे मत अधिक ग्राह्य वाटते. दाह शमला तरी रक्ततपासणी चालू ठेवतात, कारण काही रुग्णांत पुढे वाल्डेनश्ट्रोम रोग (आयजीएम बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग) किंवा लसिकार्बुद (लसिकापेशींचा कर्करोग) उद्भवते.