ब्रून कुटुंब आणि घरातली स्कॉट्स बोली

स्कॉटलंडच्या डंडी शहरातून निघणाऱ्या 'संडे पोस्ट' या वृत्तपत्राने ८ मार्च १९३६ रोजी एक विनोदी पुरवणी सुरू केली. त्याच दिवशी 'द ब्रून्स' आणि 'ऊर वुली' या दोन चित्रमालिका सुरू झाल्या. कल्पना आणि मजकूर संपादक आर. डी. लो यांचा, चित्रे डडली वॉटकिन्स यांची. वॉटकिन्स मूळचे इंग्लंडचे. जन्म मँचेस्टरचा, बालपण नॉटिंगहॅमचे. परमुलखातून आलेल्या माणसाने स्कॉटिश घर इतके नेमके टिपले, याचे मला फार अप्रूप वाटते.

या पानांचे महत्त्व कळायला थोडे मागे जावे लागते. १८७२च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये शाळा सक्तीची झाली आणि वर्गात प्रमाण इंग्रजीच चालू लागली. घरची स्कॉट्स बोली तोंडातून निघाली की कित्येक मुलांच्या तळहातावर चामड्याचा पट्टा बसे. रॉबर्ट बर्न्सच्या कवितांमुळे स्कॉट्सला साहित्यात मान होता, पण बातम्या आणि सरकारी कागद इंग्रजीत असत. बोलीचा खरा वावर घरात, गल्लीत आणि कामावर.

लो आणि वॉटकिन्स यांनी म्हणूनच घर निवडले, असे मला वाटते. दहा, ग्लीब स्ट्रीटवरच्या चाळवजा इमारतीतले हे ब्रून कुटुंब: अंबाडा घातलेली 'माव' (आई), झुपकेदार मिश्यांचा 'पाव' (बाबा), त्यांची आठ मुले आणि सतत डोकावणारे आजोबा, असे ११ जण. शेंडेफळाला नावच नाही; सगळे तिला 'बेर्न', म्हणजे बाळ, म्हणतात. एका पानात एक गोष्ट पुरी. मॅगी या मुलीचा एखादा प्रतिष्ठित मित्र चहाला येणार म्हणून घर सावरायची धांदल उडते, सगळे जपून बोलू लागतात आणि शेवटी पितळ उघडे पडते. हसू येते ते उसन्या रुबाबाचे. बोलीची टिंगल इथे होत नाही. दुसऱ्या मालिकेतला पोरगा वुली तर आश्चर्य वाटले की बिनधास्त ओरडतो, "जिंग्ज! क्रिव्हन्स! हेल्प मा बोब!"

ही भाषा बरीच सौम्य केलेली आहे, शिवाय त्यातला स्कॉटलंड जुन्या आठवणींत रमलेला आहे, अशी टीका होते. ती रास्तच आहे. तरीही शाळेत जे शब्द उच्चारल्याबद्दल मार बसे, तेच शब्द मुलांना दर रविवारी छापलेले दिसत होते, हे मला मोठे काम वाटते. १९३९पासून पुस्तकेही निघू लागली, आणि नाताळला ती भेट देण्याची रीत पडली.

वॉटकिन्स १९६९मध्ये वारले. त्यानंतर काही वर्षे त्यांचीच जुनी पाने पुन्हा छापली जात होती. स्कॉट्स ही इंग्रजीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद जुनाच आहे. ब्रिटनने २००१मध्ये अल्पसंख्य भाषांसाठीच्या युरोपीय सनदेखाली तिला मान्यता दिली, २०११च्या जनगणनेत सुमारे १५ लाख लोकांनी आपण ती बोलतो असे नोंदवले, आणि २०२५च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये तिला अधिकृत दर्जा मिळाला.