स्प्रिंकलरनं आंगण राखता येतं का?

उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या की नागपुरात संध्याकाळी ऊन उतरल्यावर गल्लीतले पोट्टे पाण्याची लढाई खेळतात, एक टोळी आंगणात नळाजवळ अन् दुसरी गेटबाहेर पिचकाऱ्या-फुगे घेऊन, आणि ज्यांच्याकडे लॉन आहे त्यांना कधी ना कधी सुचतंच की हे स्प्रिंकलर पडलेलंच आहे तर त्यालाच पहाऱ्यावर का नाही बसवायचं. कल्पना खरंच चांगली आहे. कोणी धरून उभं राहायला नको, पाणी आहे तोवर ते आपलं आपण फिरतं. पण कोणतं स्प्रिंकलर, किती प्रेशरवर अन् कुठं, हे फिजिक्स ठरवतं आणि त्यातला एकेक भाग इतका भारी आहे की सविस्तरच लिहितो.

आधी प्रेशर. पाण्याचा १० मीटर उंच स्तंभ म्हणजे साधारण १ बार (बार हे प्रेशरचं माप). दुमजली घराच्या गच्चीवरची टाकी लॉनपासून ८ मीटर वर धरली तर खाली मिळतो ०.८ बार, म्हणजे नोझलमधून पाणी जास्तीत जास्त सेकंदाला साडेबारा मीटरनं निघणार. विहिरीवरच्या मोटरनं २५ मीटरचं हेड, म्हणजे २५ मीटर उंच स्तंभाइतकं प्रेशर, दिलं तर तोच वेग २२ मीटरवर जातो. हवा नसतीच तर ४५ अंशात सोडलेली धार हेडच्या बरोबर दुप्पट लांब पडली असती, टाकीवर १६ मीटर अन् मोटरवर ५० मीटर, पण प्रत्यक्षात पाईपमध्ये घर्षण होतं आणि बाहेर हवा अडवते, त्यामुळे मोटरवर चालणारं ४ मिलिमीटर नोझलचं शेतातलं स्प्रिंकलर १२ मीटरच्या आसपास फेकतं. हवेमुळेच त्याचं तोंड ४५ अंशाला नसतं, २५ अंशाच्या जवळपास असतं, कारण उंच गेलेली धार फुटून थेंब होते आणि थेंब पुढे जायच्या ऐवजी खालीच येतात. आणि हो, नळाच्या लाईनला टुल्लू पंप लावून प्रेशर वाढवायचं नाही, ते बेकायदेशीर आहे आणि शेजाऱ्यांचं पाणी आपल्याकडे ओढलं जातं.

आता बाजारात सगळ्यात जास्त दिसणारं तीन हातांचं प्लास्टिकचं गरगर फिरणारं स्प्रिंकलर घ्या. पाणी एकीकडे सुटतं, हात उलट्या दिशेनं ढकलला जातो, न्यूटनचा तिसरा नियम. पोरांना वाटतं जितकं जोरात फिरेल तितकं चांगलं, पण होतं उलटंच! समजा पाणी नोझलमधून १२ मीटर वेगानं मागच्या दिशेला निघतंय, पण नोझल स्वतः ६ मीटरनं पुढे पळून राहिलं आहे, तर गेटवर उभ्या पोट्ट्याच्या हिशोबानं त्या पाण्याला उरले फक्त ६ मीटर. वेग निम्मा झाला की पल्ला पाव होतो, कारण पल्ला वेगाच्या वर्गावर चालतो. म्हणून ते गरगर फिरणारं यंत्र दिसायला जोरदार पण पाणी पाडतं स्वतःच्या पायाशीच. बचावासाठी त्याचं फिरणं मंद करायचं, पण त्यासाठी हातांवर इन्सुलेशन टेप गुंडाळून ते जड केलं तर नाही चालत बरं का, वजनानं फक्त वेग पकडायला वेळ लागतो, शेवटचा वेग तोच राहतो. घर्षण वाढवावं लागतं, म्हणजे मधला खिळा जिथं फिरतो तिथं जरा घट्ट वॉशर. मग ते हळू फिरतं आणि लांब फेकतं.

हाच विचार टक-टक-टक वाजणाऱ्या पितळी स्प्रिंकलरमध्ये फार सुंदर बसवलाय. कॅलिफोर्नियातल्या ग्लेंडोरा गावच्या ऑर्टन एंगलहार्ट नावाच्या संत्र्या-लिंबाच्या बागायतदारानं ते १९३३ मध्ये बनवलं, म्हणजे आमच्या काटोल-नरखेडच्या संत्रावाल्यांचा व्यवसायबंधूच म्हणा. जवळ बसून बघा एकदा, पाण्याचा नाही तर त्या दांडीचा खेळ बघा. धार सुटते ती समोरच्या दांडीच्या चमच्यासारख्या टोकावर आदळते, दांडी बाजूला फेकली जाते, स्प्रिंग तिला परत खेचते, परत येताना ती बॉडीवर टक्कन आपटते अन् सगळं डोकं दोन-चार अंश पुढे सरकतं. दांडी बाजूला असते तेवढा वेळ धार एकदम मोकळी, लांब जाते, आणि दांडी मध्ये आली की धार फुटून जवळचं गवत भिजवते. म्हणजे लांबचं अन् जवळचं दोन्ही एकाच नोझलमधून.

पण लढाईत हाच हळूपणा अंगाशी येतो. पूर्ण चक्कर एका मिनिटाची धरली आणि गेटपासून नळापर्यंत १२ मीटर अंतर धरलं, तर सेकंदाला ५ मीटर पळणारं पोरगं अडीच सेकंदात आत पोचतं. धार समोरून गेली की तिच्या मागून शिरायचं, अर्धं मिनिट आरामात मिळतं. म्हणून खालच्या दोन क्लिपा वापरून ते फक्त गेटच्या बाजूच्या ९० अंशात फिरवायचं, मग जाताना साधारण पंधरा सेकंद अन् परत येताना झटक्यात, तरीही पंधरा सेकंद म्हणजे अडीच सेकंदाच्या सहा संधी झाल्या. खरा उपाय वेगळ्या चालीची दोन स्प्रिंकलर. एक पंधरा सेकंदांचं, दुसरं अकराचं, तर दोघांमधली फट सारखी जागा बदलत राहते आणि बाहेरच्यांना आकडे मोजून शिरता येत नाही. फक्त एकाच मोटरवर दोन्ही लावले की प्रेशर वाटलं जातं अन् पल्ला कमी होतो, हे गृहीत धरून गेटच्या जवळ सरकवायचे.

फुग्यांचं काय? इथं मी स्पष्टच सांगतो, स्प्रिंकलर फुगा अडवू शकत नाही. २०० ग्रॅमचा फुगा सेकंदाला १२ मीटरनं आला तर त्याचा संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, २.४ एकक. आपली धार सेकंदाला पाव किलो पाणी २० मीटर वेगानं देते, म्हणजे ५ न्यूटन जोर, आणि फुगा त्या बारीक धारेतून सेकंदाच्या शंभराव्या भागात निघून जातो. हिशोब केला तर धक्का ५ गुणिले ०.०१, म्हणजे ०.०५ एकक, २.४ च्या दोन टक्के, फुगा तेवढाच जेमतेम ढळतो. फुगा फेकणाऱ्याला मात्र लांब ठेवता येतं, आणि हातानं फेकलेला फुगा लांबून नेमका बसत नाही, बचाव एवढाच आहे पण तो खरा आहे.

दुसरी गोष्ट, भीती फक्त कोरड्या पोराला असते. एकदा चिंब झाला की त्याला स्प्रिंकलर काय अन् पाऊस काय. पण आपल्या नागपूरच्या मे महिन्यात निसर्ग थोडी मदत करतो. हवा ४३ अंश आणि दमटपणा २० टक्के असेल तर ओल्या कापडाचं तापमान २५ अंशांच्या आसपास उतरू शकतं, कूलरची वाळ्याची ताटी ज्यावर चालते तेच हे. एक किलो पाणी उडून जाताना जवळपास २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं, त्यातली बरीच अंगातूनच, त्यामुळे भर उन्हाळ्यात भिजलेलं पोरगं वाऱ्यावर कुडकुडतं, दोन-चार मिनिटं मागे हटतं आणि थोड्याच वेळात परत कोरडं होऊन परत घाबरायला तयार. याच कारणानं धुकं सोडणारं फॉगर पहाऱ्याला लावू नका. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा थेंब हवेत सेकंदाला पाव मीटरनं कसाबसा खाली येतो, पुढे तर जातच नाही, आणि आपल्याकडच्या कोरड्या हवेत बराचसा वाटेतच उडून जातो. तीन मिलिमीटरचा थेंब ८ मीटरनं पडतो, तो लागतो. भिजवायचं असेल तर मोठा थेंब, गार बसायचं असेल तर बारीक.

पाण्याचा हिशोबही सांगतो कारण तो मला महत्त्वाचा वाटतो. ४ मिलिमीटरचं एक नोझल मिनिटाला १५ लिटर घेतं, म्हणजे हजार लिटरची टाकी तासाभरात रिकामी. तेव्हा लॉनला अन् आंब्याला पाणी द्यायची जी वेळ असते तीच लढाईची वेळ ठेवा, वीस मिनिटं, ३०० लिटर, ते झाडांना लागणारच होतं. फरशीवर मात्र नको, ओल्या टाईल्सवर पळणारी पोरं पडतात, आणि नोझलच्या तोंडाशी डोळा-कान कोणी न्यायचा नाही.

आणि एक गोष्ट कृपा करून विसरू नका. दिवसभर उन्हात पडलेल्या काळ्या पाईपमधलं पाणी अंग पोळेल इतकं तापलेलं असतं. अर्धा इंची २० मीटर पाईपात अडीच लिटर मावतं. ते स्प्रिंकलर जोडायच्या आधीच बादलीत काढून घ्या, हात लावून गार आहे बघा, मग जोडा. बादलीतलं थंड झालं की त्याचे फुगे भरता येतात.