ऊर्जा साधने : नवीकरणीय व अनवीकरणीय

वापराच्या वेगाने किंवा त्याहून लवकर निसर्गतः भरून निघणारी ऊर्जा साधने नवीकरणीय होत. ज्यांचा साठा वापराच्या मानाने इतका सावकाश बनतो की तो घटतच जातो, ती अनवीकरणीय. सूर्यप्रकाश, वारा, वाहते पाणी, भरती-ओहोटी, जैवभार व भूगर्भातील उष्णता पहिल्या वर्गात मोडतात. दगडी कोळसा, खनिज तेल, नैसर्गिक वायू व युरेनियम दुसऱ्यात. कोळशातील ऊर्जाही मुळात सूर्याचीच असते, फक्त ती साठवली गेली त्याला कोट्यवधी वर्षे लोटली आहेत. कोळशाचे अनेक मोठे थर सुमारे ३६ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या कार्बॉनिफेरस कालखंडातील मानले जातात. म्हणजे हे वर्गीकरण उगमापेक्षा कालमानावर आधारलेले आहे.

खनिज तेलाच्या बाबतीत मात्र उगमाचा वाद थेट या वर्गीकरणालाच भिडतो. भूगर्भात खोलवर धातूंच्या कार्बाइडांवर (धातू व कार्बन यांच्या संयुगांवर) पाण्याची विक्रिया होऊन तेल तयार होते, अशी उपपत्ती रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलेयेव्ह यांनी १८७७ मध्ये मांडली. १९५१ च्या सुमारास सोव्हिएत भूवैज्ञानिक कुद्रियावत्सेव्ह यांनी अजैव उगमाचा, म्हणजे सजीवांच्या अवशेषांविना तेल बनण्याचा, विचार पुन्हा पुढे आणला. तो खरा असता, तर रिते झालेले साठे खालून भरून येण्याची शक्यता उरली असती. परंतु जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड ट्राइब्स यांना १९३४ मध्ये खनिज तेलात हरितद्रव्याशी नाते सांगणारी पॉर्फिरिन नावाची संयुगे आढळली, आणि जैव उगमाची बाजू भक्कम झाली. या मतानुसार सूक्ष्म जलजीवांचे अवशेष गाळात गाडले जाऊन त्यांचे केरोजेन (घन सेंद्रिय द्रव्य) बनते व साधारणपणे ६०° ते १२०° से. तापमानाला त्यातून तेल सुटते. स्वीडनमधील सिल्यान येथे १९८० नंतरच्या दशकात अजैव तेलाच्या शोधार्थ स्फटिकी खडकात ६ किमी.पेक्षा खोल वेधन झाले. किफायतशीर साठा हाती लागला नाही. मिथेनासारखे साधे वायू काही ठिकाणी अजैव रीतीने बनतात, हे मान्य आहे. तथापि व्यापारी साठ्यांबाबत जैव उपपत्तीच अधिक ग्राह्य दिसते.

नवीकरणीय साधनही अतिवापराने खालावते. कॅलिफोर्नियातील द गीझर्स या भूऔष्णिक क्षेत्रात १९६० पासून वीजनिर्मिती होत आहे. १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात तेथील बाष्पाचा दाब झपाट्याने उतरला. खडकात उष्णता होती, पण पाणी आटत चालले होते. १९९७ पासून प्रक्रिया केलेले सांडपाणी नळाने आणून जमिनीत सोडले जाऊ लागल्यावर ही घसरण बरीच सावरली. जळाऊ लाकडाचेही तसेच : तोडीचा वेग वाढीपेक्षा जास्त असेल, तर त्याला सरसकट नवीकरणीय म्हणणे दिशाभूल करणारे ठरते.

सौर व पवन ऊर्जेबाबत असा सीमावाद नाही. तेथील अडचण खंडित पुरवठ्याची व साठवणुकीची आहे.

युरेनियमचे स्थान वादग्रस्त आहे. नैसर्गिक युरेनियममध्ये सहज विखंडनक्षम (अणुकेंद्र फुटून ऊर्जा देणारे) युरेनियम–२३५ जेमतेम ०.७ टक्का असते. प्रजनक अणुभट्टीत, म्हणजे वापरलेल्यापेक्षा अधिक इंधन तयार करू शकणाऱ्या भट्टीत, उरलेल्या युरेनियम–२३८ पासून प्लुटोनियम बनवता येते. शिवाय नद्या समुद्रात सतत युरेनियम आणून टाकतात. याच आधारावर अमेरिकन भौतिकीविज्ञ बर्नार्ड कोहेन यांनी १९८३ मध्ये या ऊर्जेला नवीकरणीय मानावे, असा पक्ष मांडला. परंतु एक घनमीटर सागरजलात सुमारे ३ मिग्रॅ. एवढेच युरेनियम असते आणि ते काढणे खाणीतल्या युरेनियमपेक्षा बरेच महाग पडते. प्रजनक भट्ट्याही मोजक्याच चालल्या आहेत. त्यामुळे तूर्त युरेनियम अनवीकरणीय वर्गात ठेवणेच सयुक्तिक होय.