हाएल: मार्विट्झच्या एका कौटुंबिक कुंभारशाळेची पार्श्वभूमी

बर्लिनच्या वायव्येला फेल्टन आणि मार्विट्झ ही शेजारची गावे आहेत. तिथल्या मातीमुळे घरे उबदार ठेवणाऱ्या फरशीबंद शेगड्यांचा धंदा या भागात एकोणिसाव्या शतकात भरभराटीला आला. मार्विट्झमधला असाच एक बंद पडलेला शेगडी-कारखाना 1923 मध्ये मार्गारेटे हायमान, त्यांचे पती गुस्ताव लोबेनश्टाइन आणि दीर डॅनियल यांनी हाती घेतला. दोन्ही आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘हाएल’ हे नाव पडले.

मार्गारेटे यांचा जन्म 1899 चा, कोलोन शहरातला. वायमारच्या बाउहाउस या आधुनिक कला-शिल्पशाळेत शिकत असताना तिथल्या कुंभारकाम विभागाशी मतभेद झाल्याने 1921 मध्ये त्या बाहेर पडल्या. तरीही वर्तुळ, शंकू अशा शुद्ध भौमितिक आकारांची तिथली ओढ त्यांच्या कामात राहिली. 1930 च्या सुमाराच्या त्यांच्या चहाच्या संचात तर नेहमीच्या कानाऐवजी सपाट गोल चकत्याच बसवलेल्या आहेत. अशा ठळक रचनेची भांडी परदेशातही जात, आणि भरभराटीच्या काळात कारखान्यात शंभराहून अधिक माणसे काम करीत.

ऑगस्ट 1928 मध्ये लाइपझिगच्या व्यापारी जत्रेला जाताना मोटार अपघातात गुस्ताव आणि डॅनियल दोघेही दगावले. लहान मुले पदरी असलेल्या मार्गारेटे यांनी पुढची पाच वर्षे कारखाना एकटीने चालवला, तेही जागतिक मंदीच्या दिवसांत, आणि माझ्या मते त्यांचे सर्वांत धाडसी काम याच काळातले आहे.

मार्गारेटे ज्यू होत्या. नाझी सत्तेवर आल्यावर 1933 मध्ये कारखाना बंद पडला आणि पुढच्या वर्षी तो नाझी पक्षाशी संबंधित हाइनरिश शिल्ड यांना खऱ्या मोलापेक्षा फार कमी किमतीत विकावा लागला. कागदोपत्री हा सौदा असला, तरी मालकिणीपुढे दुसरा मार्गच उरला नसताना झालेल्या विक्रीला केवळ व्यवहार म्हणणे अन्यायाचे ठरेल. कलात्मक सूत्रे हेडविग बोलहागेन यांच्याकडे गेली. त्या स्वतः कसबी कलावंत होत्या आणि त्यांच्या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा हा कारखाना पुढे पूर्व जर्मनीत नावारूपाला आला. 1972 मध्ये त्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि जर्मनीच्या एकीकरणानंतर तो पुन्हा खासगी मालकीत आला. या दीर्घ यशामागे हाएलची दहा वर्षे बराच काळ झाकली गेली.

मार्गारेटे 1936 मध्ये इंग्लंडला गेल्या. स्टोक-ऑन-ट्रेंट या कुंभारकामाच्या शहरात त्यांनी पुन्हा छोटी कुंभारशाळा थाटली, पण दुसऱ्या महायुद्धात तीही बंद पडली. पुढे त्या चित्रकलेकडे वळल्या आणि 1990 मध्ये लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.